होयबाची धून

लिफ्टमध्ये आधी ते वाद्य शिरलं आणि त्याच्यामागून त्याचा माणूस. आत आधीच उभी असलेली ती कोपऱ्यात पार चेपली गेली.

"माफ करा हं... जरा श्वास आत घेता का? म्हणजे दार लागेल."

"तुमच्या या मित्राला सांगा ना घ्यायला!"

"तो ऐकत नाही. मी सांगून दमलो."

"आणि तुम्ही ऐकता?"

"मी सगळ्यांचंच ऐकतो," वाद्याच्या पलीकडून आवाज आला. "तीच तर अडचण आहे."

दार लागलं. दोघांच्या मध्ये माणसाच्या उंचीचं ते धूड. वरच्या बाजूने तिला फक्त थोडे ओले केस दिसत होते, कारण बाहेर पाऊस भुरभुरत होता, आणि एका कडेने चार बोटं. बोटांची टोकं जाडसर, घट्टे पडलेली. ती बोटं खोळीवर हलकेच वाजत होती. लिफ्ट घुर्र घुर्र करत वर चालली होती आणि हा गृहस्थ चक्क तिच्या घुरघुरीबरोबर ताल धरत होता!

"लिफ्टलाही साथ करता वाटतं?"

"एकटीच गुणगुणत होती बिचारी... बरं नाही वाटत."

तिला हसू आलं. आणि सकाळी सकाळी अनोळखी माणसाच्या विनोदावर आपण हसलो, म्हणून लगेच स्वतःचा रागही आला. त्याच रागात ती बाहेर पडली आणि झपझप चालत आपल्या काकांच्या ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओच्या दारापाशी पोचली. मागून ते वाद्यही आलं. त्यालाही तिथेच जायचं होतं.

त्या वाद्याला डबल बेस म्हणतात. व्हायोलिनच्या घराण्यातला हा सगळ्यात थोरला. उभ्याने वाजवायचा, मागे उभं राहून वाजवायचा, आणि समोर बसलेल्यांना तो वाजतोय हे बहुतेक वेळा कळतही नाही. तो थांबला, की मात्र अख्ख्या गाण्याचा पाय घसरतो. एवढं ओझं वाहून गुमान मागे उभा राहतो, म्हणून वाजवणारी मंडळी त्याला 'खांब' म्हणत. त्याचं खरं नाव त्याच्या आईखेरीज कुणी घेत असेल, असं वाटत नाही.

आणि या खांबाने काय काय वाजवलं नव्हतं! जीव होता जॅझवर, पण तो नाचाच्या हॉलमध्ये वाजवून आला होता, सर्कशीत वाजवून आला होता, सिनेमाच्या मोठ्या वाद्यवृंदात मागच्या रांगेत वर्षानुवर्षं उभा राहिला होता. बाहुल्यांच्या खेळाला त्याने संगीत दिलं होतं, साबणाच्या जाहिरातीला दिलं होतं, एका भयपटातल्या नुसत्या जिन्याला दिलं होतं. लोक म्हणायचे, काय अष्टपैलू माणूस आहे!

"कसला अष्टपैलू," काका म्हणायचे. "होयबा आहे तो. कुणी बोलावलं की हा निघाला. त्याला नाही म्हणता येत नाही, एवढीच त्याची सगळी कारकीर्द."

आता पहिल्यांदाच तो स्वतःच्या रचना घेऊन आला होता. त्यांचं ध्वनिमुद्रण करणार होती ती, लिफ्टमध्ये चेपली गेलेली. तिला स्टुडिओत सगळे 'कानसेन' म्हणत. कारण गाणं तिला अजिबात येत नव्हतं, आणि ऐकण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वाजवणाऱ्याच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, हे ती मधल्या काचेच्या अलीकडे, यंत्रापाशी बसून सांगायची.

पुढचे काही महिने तो रोज सकाळी येत राहिला आणि हळूहळू कानसेनच्या लक्षात एक गोष्ट आली. खांब वाद्यासाठी लिहीतच नव्हता, तो माणसांसाठी लिहायचा. पियानोवाल्या बाई सत्तरीच्या. त्यांची दोन बोटं आखडलेली. त्याने त्यांची धून अशी बेतली होती, की ती दोन बोटं लागूच नयेत आणि उरलेल्या आठांना मात्र उधाण यावं. ड्रमवाला स्वभावानेच घाईचा, तर त्याच्या धुनेत घाईचंच सोनं केलेलं. वाजवून झाल्यावर बाई काचेच्या अलीकडे आल्या आणि पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "मला वाटतं, हा मुलगा माझ्या प्रेमात पडलाय."

"मलाही माझ्याबद्दल तसंच वाटतंय," ड्रमवाला म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

कानसेनही हसली. पण तिचं हसणं ओठांवरच राहिलं, कारण तिलाही नेमकं तेच वाटायला लागलं होतं... स्वतःबद्दल.

सुट्टीत दोघं जिन्याच्या खिडकीत चहा घेऊन उभे राहत. तिला कमी बोलणं आवडायचं, तो कमी बोलायचा. तिला चहा कडक लागायचा, तोही कडकच घ्यायचा. खिडकीच्या काचेवर पावसाचे थेंब एकमेकांच्या मागे पळत, आणि कुठला पुढे जाईल यावर दोघं पैज लावत. ती बोट ठेवी, त्याच थेंबावर तोही बोट ठेवी.

"अहो, दोघांनी एकाच थेंबावर पैज लावली तर हरणार कोण?"

"कुणीच नाही. म्हणून तर..."

एक दिवस बोलता बोलता तिच्या तोंडून 'तू' गेलं. तिने जीभ चावली. पण पुढच्याच वाक्यात त्याचंही 'तू' आलं, इतक्या सहज, की जणू तो दारातच उभा होता आणि कडी काढायचीच काय ती खोटी होती. त्या दिवशी तिने घरी जाऊन आरशासमोर उगाच दोनदा केस विंचरले.

आणि दुसऱ्याच दिवशी तिने पाहिलं, की काकांबरोबर बुद्धिबळाचा डाव मांडून तो तितकाच रंगलाय. काकांबरोबर तो चहा गोड मिट्ट घेत होता!

मग गायिका आली. उंच, हसरी, नावाजलेली. खांबाने तिची धून अशी लिहिली होती, की तिचा दम जिथे कमी पडतो तिथे बेसने अलगद पुढे व्हावं. ती गायली, हेडफोन काढले आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "इतक्या जवळून मला कुणी ऐकलंच नव्हतं रे!"

काचेच्या अलीकडे कानसेनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वाईट एवढ्याचंच वाटलं, की गायिका खोटं बोलत नव्हती. हा माणूस ज्याच्याशेजारी उभा राहील त्याच्यासारखा होतो. मग माझ्याशेजारी असतो तो कोण? मी आवडते त्याला, की मला जे आवडतं ते वाजवून दाखवतो? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. रात्री ठरवायची, की आहे. सकाळी वाटायचं, की छे, काहीतरीच.

असं सगळं चाललेलं असतानाच त्याने जिन्याच्या खिडकीत सांगितलं, की गायिका दौऱ्यावर निघालीये. वर्षभर. देशोदेशी. तिला सोबत बेस हवाय.

"मी हो म्हणून बसलोय. पण..." त्याने कप दुसऱ्या हातात घेतला. "जाऊ का?"

"जा की! मला कशाला विचारतोस?"

नको जाऊस, हे तिच्या अगदी जिभेवर होतं. ते गिळताना आवाज नको इतका खणखणीत निघाला.

त्याने कप खिडकीत ठेवला. मग म्हणाला, "बरं."

त्या एका 'बरं'ने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चहा कुंडीत ओतला आणि आत जाऊन उगाचच सगळ्या वायरी सोडून पुन्हा गुंडाळल्या. निदान एकदा 'पण' तरी म्हणायचं होतंस ना, मेल्या!

शेवटची धून मुद्रित करायला तो एकटाच आला. पियानो नाही, ड्रम नाही, नुसता बेस. तिने मन घट्ट करून बटण दाबलं आणि माइकवरून रोज म्हणायची तेच म्हणाली, "हं... येऊ दे." त्याने डोळे मिटले आणि वाजवलं. एकदाच. पुन्हा घेऊ या का, असंही विचारलं नाही.

नंतर ती ते साफ करायला बसली. पहिलं काम ठरलेलं असतं. सुरुवातीची खुडबुड, सूचना, खाकरणं, सगळं कापायचं आणि पहिल्या सुरापासून ठेवायचं. तिने कापलं, ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. धून सुंदर होती, पण सुरुवातच लंगडी वाटत होती. कुणीतरी वाक्याच्या मध्यापासून बोलायला लागावं तशी. इतकी माणसं नीट ऐकून लिहिणाऱ्या माणसाने स्वतःचीच धून अशी अर्धवट का सोडावी? दौऱ्याची घाई, दुसरं काय! तिला रडू आलं. धुनेसाठी आलं की कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दौरा दोन दिवसांवर आला तेव्हा तो ती धून ऐकायला आला. काका शेजारी सोफ्यावर रेलले होते. तिने बटण दाबलं. पहिला सूर आला मात्र, आणि खांबाने मान वर केली.

"सुरुवात कुठाय?"

"हीच सुरुवात."

"नाही."

हे कोण बोललं म्हणून त्याने स्वतःच मागे वळून पाहिलं. काका रेलले होते ते सरळ बसले.

"अरे, हाच पहिला सूर," ती म्हणाली. "त्याच्या आधी काही नव्हतंच. माझी सूचना होती तेवढी, ती कापली."

"कापलीस?"

"सगळेच कापतात! ते काही संगीत नसतं."

"असतं."

"नसतं!"

"असतं," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "तू 'येऊ दे' म्हणतेस ना, तेव्हा तुझा आवाज पायरी उतरल्यासारखा खाली येतो. जिथे येऊन थांबतो, तिथून बेस सुरू होतो. अख्खी धून त्यावर बांधलीये मी. पहिला सूर तुझा आहे. माझा दुसरा."

तिने कापलेला तुकडा शोधला आणि पुन्हा जोडला. "हं... येऊ दे," तिचाच आवाज आला, आणि त्याच्या टोकाला धरून बेस हळूच आत आला. धून आता कुठेच लंगडत नव्हती. कानसेन म्हणवणारी ती, रोज बोलत होती आणि स्वतःचा आवाज तिने एकदाही ऐकला नव्हता.

काका उठले. "मी जरा चहाचं बघतो."

"चहा आत्ताच झाला, काका."

"मग कपबश्यांचं बघतो," म्हणून ते आत गेलेसुद्धा.

तिने खुर्ची फिरवली. "बाईंसाठी लिहिलंस, ड्रमवाल्यासाठी लिहिलंस, तिच्यासाठी लिहिलंस. सगळ्यांना वाटतं, तू त्यांच्या प्रेमात आहेस. मग मी काय समजायचं? सांग ना!"

"त्यांना काय वाजवायला आवडेल ते मी लिहिलं," तो चाचरत म्हणाला. "हे... मला काय ऐकायला आवडतं, ते लिहिलं."

"मग जातोस कशाला?"

"तू म्हणालीस, जा!"

"मी म्हटलं म्हणून? सगळ्या जगाचं ऐकू येतं तुला, आणि एवढं ऐकू आलं नाही?"

"नाही आलं ना!" तो एकदम मोठ्याने म्हणाला. "तोच तर घोळ आहे! इतरांना काय हवंय ते मला लगेच कळतं. त्यांनी तोंड उघडायच्या आधी कळतं. तू समोर आलीस की मला काही म्हणजे काही कळत नाही. चहा कडक हवा की नको, हसावं की गप्प बसावं... नुसता गोंधळ. म्हणून तर विचारलं, जाऊ का."

इतके महिने तिला वाटत होतं, की गोंधळ आपल्या एकटीच्याच वाट्याला आलाय. तोही त्याच गोंधळात बुडालाय, हे ऐकून तिला इतकं हलकं वाटलं, की खुर्चीचे हात धरावे लागले.

"आणि आता? तुला काय हवंय?"

"तुला काय वाटतं, मी..."

"मला विचारू नकोस!"

त्याने खिशातून फोन काढला आणि गायिकेला लावला.

"हो, मीच... हो, तयारी झाली... हो, हो, तिकीट मिळालं..." कानसेनने खुर्ची पुन्हा यंत्राकडे फिरवली. तो खिडकीपर्यंत गेला, परत आला. "हो. पण... नाही. म्हणजे नाहीच. मी येत नाहीये."

पलीकडून गायिकेचं खणखणीत हसणं आलं. "अरे, मग हे आधी नाही का सांगायचं! त्या दुसऱ्या बेसवाल्याला मी उगाच नको म्हणून बसले! थांब, त्याला फोन करते. आणि ऐक... काचेच्या पलीकडची ना? मला तेव्हाच कळलं होतं." फोन बंद झाला.

त्याने फोन खिशात टाकला. "इतकं सोपं असतं?"

"जमलं की तुला," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही फुटत होतं. "बरं, समज... समज हं, आता मी तुला काही विचारलं..."

"नाही."

"अरे, पुढचं ऐकशील तरी!"

"नाही ऐकणार. ते मी विचारणार." तो पुढे आला. त्याची घट्टे पडलेली बोटं तिच्या बोटांवर आली, आणि या वेळी ती कशाबरोबरही ताल धरत नव्हती. "माझ्याशी लग्न करशील?"

ती हो म्हणाली. इतक्या मोठ्याने म्हणाली, की यंत्रावरचे सगळे काटे लाल रेघेपलीकडे गेले असते.

"झालं का तुमचं?" काका आतून ओरडले. "येऊ का मी बाहेर?"

"नाही!" दोघंही एकदम म्हणाले.