गहू उभा होता

उन्हाळा नुकता लागला होता. दादाच्या गव्हाचा शेवटचा पट्टा, जंगलाला लागून होता तेवढा, कापायचा राहिला होता. मी मशीन वळवलं आणि एक मुलगी कॅमेरा घेऊन आडवी आली. ओरडली. इंजिनच्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं, "उभा राहा."

ओळख ना पाळख, एकदम अरेतुरे. तरी उतरलो. टोपी काढली, केस सारखे केले आणि गव्हापुढे उभा राहिलो.

तिने एक फोटो काढला. मग म्हणाली, "तुम्ही का उभे राहिलात?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी म्हणाले, गहू उभा राहू द्या." ती हसू दाबत होती. "ऊन झाडांतून तिरकं यायला तासभर आहे. या वेळी मासिकाचं मुखपृष्ठ जमलं नाही तर संपादक म्हणालेत, पुन्हा येऊ नका."

"आणि अवकाळी पाऊस आला तर? दादा मला कापेल."

"दादांशी मी बोलते."

"तुम्ही दादाला पाहिलं नाहीत अजून…"

तरी तो तास मी दिला. तिची बॅग धरून जंगलात तिच्या मागे फिरलो. ती शेवाळाचे, पडलेल्या पानांचे फोटो काढत होती. मी तिच्याकडे बघत होतो.

"पाय कुठे पडतोय ते बघा," ती न वळता म्हणाली.

ऊन आलं. गहू पेटल्यासारखा दिसला. तिने रोल संपवला. दादा बोलला ते लिहिण्यासारखं नाही, पण पट्टा कापून झाला आणि मगच थेंब पडले.

महिन्याने ती अंक घेऊन घरी आली. मुखपृष्ठावर मी होतो. हातात टोपी, सारखे करूनही विस्कटलेले केस.

"गहू कुठाय?"

"आहे की, तुमच्या मागे."

"आणि नोकरी?"

"पक्की." तिने बॅग खांद्याला लावली. "बरं… निघते मी."

ती फाटकापर्यंत गेली.

"उभी राहा," मी म्हणालो.

ती वळली. "एकदम अगंतुगं?"

"हो. कायमचंच करायचं म्हणतोय… तुझी हरकत नसेल तर."

"मग मीही अरेतुरे करणार."

"तू तर पहिल्या दिवसापासून करतेस."

ती फाटक लावून आत आली. पुढची चौतीस वर्षं मला हाक मारायची झाली की ती म्हणायची, "उभा राहा रे." मी दर वेळी उभा राहिलो.