चार बोटांची साखर

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही.

मी रंभा. वय अठ्ठ्याऐंशी. आज माझा नातू कामावर गेलेला नाही, मीच जाऊ दिलेलं नाही. तोंड फुगवून तो हे लिहून घेतोय. माझी बोली त्याने सरळ केली आहे, पण गोष्ट माझी आहे आणि ती घडलेली आहे.

साल १९५७. श्रावण महिना. चिंचवड स्टेशनजवळचं साखरेचं गोदाम.

आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यातलं साखरेचं गोदाम पाहिलेलं नसतं.

साखर हवेतलं पाणी पिते. म्हणून पावसाळ्यात दारं बंद, झरोके बंद. आत बारा वाजताही कंदील लागायचा. वॅगनमधून पोती यायची, हमाल थप्पी रचायचे, आणि फाटलेली पोती मी नि यशोदाबाई दाभणाने शिवायचो.

थप्पी रचायची रीत ठरलेली. खाली लाकडी फळ्या, म्हणजे जमिनीची ओल चढत नाही. आणि पोत्याचं तोंड आतल्या बाजूला, म्हणजे शिवण उसवली तरी साखर सांडत नाही.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, तिथेच हमाल होते. आदल्या भाद्रपदात त्यांच्या अंगावर थप्पी कोसळली.

मुकादम सोपानराव म्हणाला, खालचं पोतं चोरायला ओढत होता, म्हणून पडली. बाकीचे हमाल गप्प राहिले.

पाच महिन्यांचं पोट घेऊन मी चोराची बायको झाले.

मी काम सोडलं नाही. सोडलं असतं तर ते खरं ठरलं असतं, आणि माझा मुलगा जन्मभर चोराचा पोर म्हणून वाढला असता.

वर्ष होत आलं. आणि श्रावणात ते सुरू झालं...

आधी यशोदाबाईच्या लक्षात आलं. "रंभे, हितं मुंग्या न्हाईत."

साखरेच्या गोदामात मुंग्या नाहीत? बाकी सगळीकडे रांगाच रांगा होत्या. पण पाचव्या थप्पीजवळ आली की रांग वळायची. लांबून जायची.

मालक गेले ती हीच जागा. थप्पी मात्र नवी होती, वैशाखात आलेल्या साखरेची.

मग पोतं फिरायला लागलं.

सकाळी गोदाम उघडलं की त्या थप्पीच्या सगळ्यात खालच्या थरातलं एक पोतं... तोंड बाहेर करून असायचं. वर बारा पोत्यांचं वजन. कोण फिरवणार?

सोपानरावाला उत्तर लगेच सापडलं. "नवऱ्याची खोड बायकूला लागली. उद्यापासून येऊ नगंस."

माझ्या अंगाची लाही झाली.

"येनार," मी म्हणाले. "आन् दुपारी तुमी समदे जेवायला गेला की दार लावून ह्याच थप्पीम्होरं बसनार. कोन पोतं फिरवतंय ते मला बगायचंय."

दुसऱ्या दिवशी बसले. यशोदाबाई दाराशी कंदील घेऊन बसली. ती मला सोडून गेली नाही.

पत्र्यावर पाऊस कोसळत होता.

मग आवाज थांबला.

दाराच्या फटीतून बघितलं तर पाऊस तसाच पडत होता. पण पत्र्यावर आवाज नाही. काहीच आवाज नाही...

आणि थप्पीमागून आला एक हुंकार.

"हुं..."

ओझं पाठीवर घेताना हमाल श्वास सोडतो तसा. तो श्वास मी ओळखत होते. आमच्या खोलीत लाकडाची मोळी उचलताना तो रोज ऐकला होता.

भीती वाटली का? वाटली असेल. पण राग जास्त आला. वर्षभर लोक माझ्या तोंडावर थुंकत होते तेव्हा हा माणूस कुठे होता?

आमच्या काळात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. आयुष्य कमी होतं म्हणायचे. आता कमी व्हायला उरलं काय होतं?

मी उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं.

"चिमाजी! चोर असाल तर माझ्यासमोर येऊ नगा. नसाल तर दावा."



मग अगदी कानाशी...

"सरक."

मी सरकले. विचार करून नाही, पाय आपोआप सरकले. आणि मी उभी होते त्याच जागेवर अख्खी थप्पी आडवी झाली.

यशोदाबाईची किंकाळी ऐकून सगळे जेवण टाकून धावले. कंदील वर धरला. थप्पीखाली एकही फळी नव्हती. सोपानरावाने त्या काढून दुसरीकडे वापरल्या होत्या. पोती सरळ ओल्या फरशीवर रचलेली. खालचा थर पाणी पिऊन खचला होता.

तोंड बाहेर असलेलं ते पोतं फाटलं होतं. ओली साखर वजनाखाली दबून आत दगडासारखी झाली होती.

तिच्यावर ठसा होता.

एक पंजा. थप्पीला बाहेरून रेटा दिल्यासारखा. शेजारी खांद्याएवढा खळगा.

पंजाला बोटं चार. चिमाजींची करंगळी वॅगनच्या दारात गेली होती, हे सगळ्या गोदामाला माहीत होतं.

आणि ही साखर गोदामात आली तेव्हा ते जाऊन आठ महिने झाले होते.

दत्तोबा हमाल पुढे आला. "त्यो वढत नव्हता," तो म्हणाला. "तवाबी खाली फळ्या नव्हत्या. थप्पी कलली तशी त्यानं हात आन् खांदा लावून धरली. आमाला म्हनला, सरका. आमी दोघं सरकलो. बोललो तर काम जाईल म्हनून मुकादमानं दम दिल्ता."

मी सोपानरावापुढे जाऊन उभी राहिले. "समद्यांसमोर म्हना. चिमाजी चोर नव्हता."

म्हणाला. मान खाली घालून, पण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक थप्पीखाली फळ्या आल्या. मुंग्याही आल्या.

तो ठशाचा खडा मी पदरात बांधून घरी आणला. पत्र्याच्या डब्यात ठेवलाय. अडुसष्ट पावसाळे झाले. झाकण सैल आहे, तरी एक मुंगी कधी आली नाही. खडा कधी ओलावला नाही.

कालपर्यंत.

नातू चाकणला मोठ्या गोदामात आहे. तिथे साखर नसते, खोकी असतात, छतापर्यंत रचलेली. काल संध्याकाळी मी डबा उघडला...

ठशाच्या चारही बोटांत पाणी साचलं होतं.

सकाळी मी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. तो म्हणाला, "आज्जी, पगार कापतील." मी म्हटलं, कापू देत. पगारासाठी गप्प बसणारे एकदा बघितलेत मी.

इथपर्यंत लिहून झालं आणि त्याचा फोन वाजला. गोदामातून होता. "माझ्याच रांगेतली खोकी?" एवढंच त्याने विचारलं. मग फोन ठेवून माझ्या शेजारी येऊन बसला.

आणखी काय झालं ते मी अजून विचारलेलं नाही.

डबा मात्र उघडून बघितला. खडा कोरडा आहे.