चौथ्याआधी पाचवं

ती जिना चढून थेट प्रोजेक्टरच्या मशीनरूमच्या दारात आली आणि ऑपरेटरच्या हातून रीळ पडता पडता राहिलं. दोन वर्षं दर गुरुवारी दुपारी तो तिला भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून बघत होता... तिसरी रांग, मांडीवर वही. आणि आज चक्क समोर! डोळे रडून लाल, गालावर शाईचा डाग.

"आत येऊ?"

"या ना... म्हणजे जपून, मशीन तापलंय."

आजचा सिनेमा ज्या म्हाताऱ्या दिग्दर्शकाचा होता, त्याचं काहीही लागलं, की फिल्म क्लबातले अर्धे लोक पेंगत आणि उरलेले घड्याळ बघत. त्याच्या सिनेमात माणूस अंगण झाडायला लागला, की दहा मिनिटं झाडतच राही! ही एकटी मात्र श्वास रोखून बघे.

"आज कळले हो हे दिग्दर्शक मला!" ती भडाभडा बोलत सुटली. "देवळाची घंटा आधी वाजते आणि मग ओतली जाते! म्हणजे हाक आधी, देव नंतर. असं कुणी दाखवलंय? संध्याकाळी मासिकाला लेखच देते."

ऑपरेटरने रिळांच्या डब्यांवरचे आकडे पाहिले. घंटा ओततात चौथ्या रिळात. वाजते पाचव्यात. आणि त्याने आधी पाचवं लावलं होतं.

गप्प बसावं? मग ती दर गुरुवारी वर येईल, अशीच बोलत राहील... पण लेख छापून आला की जाणकार मंडळी तिला हसतील. सांगितलं तर ती हा जिना पुन्हा चढायची नाही.

"तो विचार त्यांचा नाही," तो कसाबसा म्हणाला. "माझ्याकडून रिळं उलटसुलट लागली."

ती मटकन स्टुलावर बसली.

"म्हणजे मी तुमच्या घोटाळ्यावर ढसाढसा रडले?"

"...हो."

"कमाल आहे! समोर पडद्यावर दिसलं नाही तुम्हाला?"

"मी पडद्याकडे बघत नव्हतो."

"मग कुठे—"

ती थबकली. उठून तिने झरोक्याला डोळा लावला. खाली नेमकी तिसऱ्या रांगेतली तिची खुर्ची दिसत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कधीपासून?"

"दोन वर्षं. दर वेळी ठरवतो, आज बोलायचं. फार आवडता तुम्ही मला."

तिने वहीतली लेखाच्या टिपणांची पानं टर्रकन फाडली.

"सिनेमा पुन्हा लावायचा. नीट, ओळीने. आणि तुम्ही खाली माझ्या शेजारी बसायचं."

"अहो, मग रिळं कोण बदलणार?"

"थांबू की मधे मधे," ती हसली. "त्या म्हाताऱ्याला कुठे घाई असते!"