हे मत कोणाचं?

मी शपथ घेत नाही. तो माझा नेम आहे. म्हणून नुसतंच सांगते... हे खरं घडलंय. माझ्याच बाबतीत.

गुरुवारची संध्याकाळ होती. आमच्या गावातल्या कॉलेजचं सभागृह.

माझी धाकटी नणंद तिथे राज्यशास्त्र शिकवते. घरात आम्ही तिला मास्तरीण म्हणतो. दर गुरुवारी ती लोकशाहीवरचा एखादा चित्रपट दाखवायची, मग त्यावर बोलायची. दार सगळ्यांना उघडं. पण ते काही लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागलं. शेवटी प्राचार्यांनी सांगून टाकलं, हे चालू ठेवायचं की बंद करायचं ते आज सभागृहच ठरवेल.

तिचा जीव होता त्या कामात. सकाळी मला म्हणाली, "वहिनी, आज जप जरा लवकर आटप. समोर एक तरी आपलं माणूस हवं मला."

मी गेले. अगदी शेवटच्या रांगेत बसले. पाठीशी भिंत. मांडीवर जपमाळ.

चित्रपट जुना, कृष्णधवल. एक सभा भरलेली. एका माणसाला गावाबाहेर काढायचं, म्हणून हात वर करायला सांगतात. सगळे करतात. एक बाई करत नाही.

मग तिच्या मागे उभा असलेला उंच माणूस तिचं मनगट धरतो... आणि हात वर नेतो.

त्याचा चेहरा दिसत नाही.

मास्तरिणीने चित्र तिथेच थांबवलं. "हे मत कोणाचं?" तिने विचारलं.

"तुमच्या बापाचं!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. खुर्च्या आपटल्या.

"पोरांची डोकी फिरवायचे धंदे!"

"बाई, आधी लग्न करा, मग लोकशाही शिकवा!"

तिचा आवाज चढला नाही.  

मग तिने आपली नेहमीची पद्धत सांगितली. मत देताना सगळ्यांनी डोळे मिटायचे. शेजाऱ्याच्या धाकाने कोणाचा हात हलू नये, म्हणून. मोजणार ती आणि प्राचार्य.

"आता काय लपाछपी खेळायची?" पुढून टोमणा आला. तरी मिटले सगळ्यांनी.

"चालू राहावं असं वाटतं, त्यांनी हात वर करा."

मी केला. मग खाली घेतला.

"बंद व्हावं असं वाटतं, त्यांनी..."

बाह्यांची सळसळ झाली.

मग काहीच नाही. पंख्यांचा आवाजसुद्धा नाही.

आणि माझ्या मागे... कोणीतरी श्वास घेतला.

माझ्या मागे भिंत होती.

बोटं. गार, लांब. एकेक करून माझ्या मनगटाभोवती बसली... आणि हात वर जायला लागला.

मी जीव खाऊन जोर लावला. माळ मांडीवरून खाली घसरली. पडल्याचा आवाज आला नाही. मास्तरिणीला हाक मारायला तोंड उघडलं... शब्द फुटेना.

डोळे उघडायचे नाहीत, असं तिने सांगितलं होतं. घातलेला नियम मी मोडत नाही.

नाही उघडले.

कधी वाटतं, उघडायला हवे होते. कधी वाटतं... बरं झालं.

कार्यक्रम बंद झाला. एका हाताच्या फरकाने.

 घरी दारात चप्पल काढताना ती म्हणाली, "वहिनी, निदान तू तरी घरी बसायचंस."

मी सगळं सांगितलं. ती नुसती हसली. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात ती भर दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आली. चेहरा पांढराफटक. लॅपटॉप ओट्यावर ठेवला.

"बघ."

चित्रपटातली तीच सभा. सगळ्यांचे हात वर. त्या बाईचा हात... खाली.

तिच्या मागे कोणीच नव्हतं.

"कितीदा दाखवलाय गं मी हा चित्रपट," ती पुटपुटली. "तो माणूस कुठे गेला, वहिनी?"



जप अजून चालू आहे. एक दिवस चुकलेला नाही. फक्त आता डोळे उघडे ठेवून करते. आणि भिंतीला पाठ लावत नाही.

पण काल जप करता करता माझा डोळा लागला.

दचकून जागी झाले, तेव्हा माळेचा हात डोक्याच्या वर होता... ताठ.

मत कशासाठी दिलं गेलं, मला ठाऊक नाही.