बायोडाटाचा फोटो

लख्खकन उजेड पडला आणि भंडारदऱ्याच्या काठावर एकच ओरडा झाला.

"कुणी मारला फ्लॅश?"

पहाटेचा अंधार अजून होता. काठाने ट्रायपॉडची रांग लागली होती, पाण्यावर धुकं तरंगत होतं आणि माझ्या कॅमेऱ्यावरचा लग्नातला भलामोठा फ्लॅश 'कुंईऽऽ' करत पुन्हा चार्ज होत होता. लपायला जागाच नव्हती.

"मी," मी म्हणाले.

"मी म्हणजे कोण?"

"राजेश्वरी फोटो, पाथर्डी."

सवय, दुसरं काय! कुणी 'कोण' म्हणून विचारलं की माझ्या तोंडून दुकानाचंच नाव निघतं. दुकान आबांनी काढलं, त्याला नाव माझं दिलं आणि आता ते मीच चालवते. लग्न, बारसं, जावळ... अंधार दिसला की माझं बोट आपोआप फ्लॅशच्या बटणावर जातं.

रांगेतून एक उंच मूर्ती माझ्याकडे आली. डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, मधे नुसते डोळे.

"राजेश्वरी फोटो," मूर्ती शांतपणे म्हणाली, "समोर डोंगर आहे. नवरी नाही."

"दिसतंय मला."

"शटर उघडं ठेवून बसलो होतो मी. तुमच्या फ्लॅशनं डावीकडचं धुकं पांढरंफटक झालं."

"मग परत काढा की! डोंगर काय वरातीत निघून चाललाय?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याने टॉर्च लावला, माझ्या कॅमेऱ्यावरचा फ्लॅश अलगद काढला आणि माझ्याच तळहातावर ठेवला. त्याची बोटं गारठलेली होती. टॉर्चच्या उजेडात मी नीट पाहिलं, तर स्वारी हसू दाबत होती. मी उगीचच माझी ओढणी सारखी केली.

उजाडल्यावर चहाच्या वेळी काकासाहेबांनी आमची ओळख करून दिली. काकासाहेब म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. नगरचा आमचा फोटो क्लब तेच चालवतात आणि दसऱ्यानंतर दरवर्षी सगळ्यांना रतनवाडीला घेऊन येतात. मी पहिल्यांदाच आले होते. लग्नसराई अजून लांब होती, दुकानात माश्या मारण्यापेक्षा डोंगर बघावेत म्हटलं. माकडटोपीचं नाव अंगद होतं. संगमनेरच्या एका डेअरीत आठवडाभर दुधाची फॅट तपासायची आणि सुट्टी मिळाली की डोंगर गाठायचे, असा त्याचा कार्यक्रम.

टोपी काढल्यावर बरा दिसत होता. बरा म्हणजे... चांगलाच दिसत होता.

काकासाहेबांनी त्याच्या कॅमेऱ्यात डोकावून म्हटलं, "अंगद, डाव्या बाजूला फ्लॅशचा उजेड आलाय बघ. तेवढं काप, बाकी फोटो उत्तम आहे."

"डावीकडे रतनगडाचा उतार आहे, सर. डोंगर कापायचा नाही."

"अरे, कडेचा थोडासाच..."

"एक दगडसुद्धा नाही!"

मी चहाच्या कपाआड हसू लपवलं. डोंगरासाठी एवढा हट्ट करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग आम्ही सगळे सोनकीच्या पठाराकडे निघालो. पाऊस संपला होता, तरी ओहोळ वाहत होते आणि उतारावर पिवळी फुलं शिल्लक होती. चालता चालता अंगद नेमका माझ्याच बाजूला येत होता. की मी त्याच्या? कोण जाणे.

"तुमच्या एकाही फोटोत माणूस कसा नाही हो?" मी विचारलं.

"माणसं हलतात."

"डोंगर काढून कंटाळा नाही येत?"

"डोंगर कधी 'आता माझा एकटीचा काढा' म्हणत नाही."

मी थांबलेच. कारण मी अगदी तेच म्हणणार होते.

"खरं सांगू का?" मी म्हटलं. "मला माझा एकटीचाच फोटो हवाय."

तो हसला. मला हसू येईना. हे काम अंगावर घेऊनच मी घरून निघाले होते. अख्ख्या तालुक्यातल्या मुलामुलींचे बायोडाटाचे फोटो मी काढते. कुणाला स्टुडिओत यायचा कंटाळा असला, तर एखाद्या लग्नातल्या घोळक्यातून त्याला कापून काढते. मग त्याच्या खांद्यावर एखाद्या करवलीची दोन बोटं राहून जातात आणि त्यावरून पुढे भांडणंही होतात. माझ्या स्वतःच्या बायोडाट्यावर मात्र चौकोन रिकामा. लग्नात फोटोवालीचा फोटो कोण काढणार? आणि कुणी कॅमेरा रोखलाच, तर माझा चेहरा रेशनकार्डावरच्यासारखा ताठ होतो.

"मला माणसं काढता येत नाहीत," अंगद म्हणाला.

"येतील. मी शिकवते. फक्त म्हणायचं, मान थोडी वर, हनुवटी खाली, हसा."

"मान वर आणि हनुवटी खाली? एकाच वेळी?"

"सगळ्या नवऱ्या करतात!"

तो इतका मोकळा हसला की ओहोळ ओलांडताना माझा पाय दगडावरून सटकला. त्याने हात पुढे केला. ओहोळ संपला, वाट सपाट झाली... हात सुटायला जरा वेळच लागला.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी पिठलं-भाकरी वाढली होती. तिथे रेंज फक्त ओट्याच्या एका कोपऱ्यात मिळायची. मी तिथेच ताट घेऊन बसले आणि गोजरआत्याचा फोन आला. हात खरकटे म्हणून स्पीकर लावला. तीच माझी चूक.

"राजे, फोटू काढला का गं?"

"उद्या काढते, आत्या."

"आगं पुन्याचं स्थळ हाय! मंगळवारी फोटू धाडायचा हाय त्यांस्नी. पोरगं लई मोठ्या कंपनीत हाय. समद्या तालुक्याच्या पोरींचे फोटू काढती आन् सोताचा येक बी न्हाई. लोकास्नी काय कॅमेरा दावायचा?"

"अगं, हळू बोल..."

"न्हाईतर तुज्या सुनीलदादाच्या लग्नातला कापून घिऊ."

"त्यात माझ्या खांद्यावर वहिनीचा हात आहे."

"हात बी कापू!"

ओटाभर हशा पिकला. काकासाहेबांना तर ठसका लागला. एकटा अंगद तेवढा हसला नाही. तो मघाशी भाकरीचा तुकडा मोडून बसला होता, तो तसाच हातात होता.

"पुण्याला गेल्यावर," त्याने ताटाकडे बघत विचारलं, "दुकानाचं काय?"

"बंद करावं लागेल, म्हणतात."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

मला कुणी हे विचारलंच नव्हतं. "मला अजून कुणी पसंत कुठे केलंय," मी म्हटलं आणि विषय हसण्यावारी नेला. पण अंथरुणावर पडल्यावर तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. मंगळवारची भीती वाटत होती. आणि सकाळ लवकर व्हावी असंही वाटत होतं.

सकाळ झाली तीही कशी! वारा पडला होता. पाणी इतकं स्थिर की कळसूबाई अख्खी तळ्यात उतरली होती, कडेकपारींसकट. अंगदने तासभर वाट पाहून एकच फोटो काढला. मग उन्हाचा पहिला पट्टा काठावरच्या गवतावर आला आणि त्याने मला हाक मारली.

"या. उजेड बायोडाट्याजोगा झालाय."

मी उभी राहिले. ताठ झालेच.

"मान वर, हनुवटी खाली," तो म्हणाला. मला हसू फुटलं. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला... आणि बराच वेळ बटणच दाबलं नाही.

"काय झालं?"

"काही नाही. बघतोय."

तो बघत राहिला. माझे कान गरम झाले. मग खट्, खट्, खट् असे भराभर फोटो काढून त्याने कॅमेरा खाली घेतला.

"दाखवा."

"नंतर पाठवतो."

"फोटोवालीला 'नंतर पाठवतो' सांगताय? आणा इकडे!"

कॅमेरा मी ओढूनच घेतला. पहिल्या फोटोत माझं कपाळ कापलेलं. दुसऱ्यात मी धूसर, मागची गवताची काडी मात्र लख्ख. तिसऱ्यात नुसती ओढणी. मला इतका राग आला! माझी एवढी गरज याला माहीत, आणि याने गवत काढावं? रागाने बटण दाबत मी मागे गेले, आणि त्याने जरा आधी काढलेला तळ्याचा फोटो समोर आला.

त्यात कळसूबाईच्या माथ्यावरचं इवलंसं देऊळसुद्धा ठसठशीत दिसत होतं.

मी सावकाश मान वर केली. "अंगद... फोकस चुकला, की चुकवला?"

तो मफलरशी खेळत उभा राहिला. पाण्यात एक मासा उडाला आणि कळसूबाई थरथरली. एरवी हा माणूस हळहळला असता. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

"चांगला आला असता, तर तुम्ही तो पुण्याला पाठवला असता," तो म्हणाला. "आणि तो चांगलाच आला असता, राजेश्वरी. तुम्ही हसत होतात. असला फोटो बघून कुणीही हो म्हणेल. मी तर... कालच म्हटलं होतं. मनात."

"काल कधी?"

"डोंगर वरातीत निघून चाललाय का, असं विचारलंत, तेव्हा."

 तोवर त्याचे कानही लाल झाले होते. मला इतका आनंद झाला की मी त्याच्यावर ओरडलेच.

"मग तोंड का मिटून बसलात? उभे राहा तिकडे! उजेड चाललाय!"

"मी? कुठे?"

"फोटोत! माणसं हलतात ना? हलायचं नाही."

मी त्याचा कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, टायमर लावला आणि धावले. लग्नात शेकडो जोडप्यांना 'जरा जवळ सरका' म्हणाले असेन, पण स्वतःला सरकता येईना. तेवढ्यात ओल्या गवतावर पाय घसरला. अंगदने मला सावरलं, आणि शटर पडलं. फोटोत माझे डोळे मिटलेले, तोंड हसून वासलेलं, तो माझ्याकडे बघतोय, आणि आमच्या मागे अर्धा फोटो अडवून रतनगड. असला फोटो मी गिऱ्हाइकाला कधी दिला नसता. माझा इतका चांगला फोटो मी कधी पाहिला नव्हता.

त्याच्या कॅमेऱ्यातून तो मोबाईलवर घेतला. ओट्याच्या कोपऱ्यात जाऊन आत्याला पाठवला आणि खाली लिहिलं, 'बायोडाटाचा फोटो. शेजारचा कापायचा नाही.'

अंगदने खांद्यावरून वाचलं. माझ्या हातातला मोबाईल त्याने माझ्या हातासकट धरला. तो तसाच वाजायला लागला.

"राजे! शेजारी कोन हाय गं त्यो?"

"संगमनेरचे आहेत, आत्या. येणार आहेत आबांना भेटायला." मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने एवढी जोरात मान हलवली की मला हसू आवरेना.

आत्या पलीकडे बराच वेळ फोटो निरखत असावी.

"पोरगं बरं दिसतंय," शेवटी ती म्हणाली. "पर मागं ह्यो येवढा डोंगुर कशाला घितलाय? तुमी दोगं बारीक दिसताय. त्यो डोंगुर काप."

मी श्वास रोखून अंगदकडे पाहिलं.

तो मोबाईलपाशी वाकला.

"कापा, आत्या," तो म्हणाला. "खुशाल कापा."