काळ्या कड्यावरचा तारा

"आधी गुरू, मग कृत्तिका, मग मृगातला तेजोमेघ!" डिस्कितनं जाड हातमोज्यातली बोटं मोजली. "या महिन्यात एवढं दाखवलं की पाहुणे खूश!"

"आणि मला कधी दाखवणार, आचे?" छोटा पुंचोग ताईवर कुरकुरला.

"तुला? काल तुझं नाक दुर्बिणीच्या नळीला चिकटलं होतं!" लोब्झांग खिदळला. "ते सोडवण्यातच गुरू ढगात गेला!"

हानलेच्या वेधशाळेपलीकडच्या एका डोंगराळ गावात हिवाळ्याची सुट्टी लागली होती. मुलांचा मामा त्सेपल, म्हणजे त्यांचा आझांग, पाहुण्यांना दुर्बिणीतून आकाश दाखवी. ही तिन्ही भावंडं त्याच्या हाताखाली असत. दिवस मावळला की गावात खिडक्यांवर काळे पडदे ओढले जात. अंधार हीच तर त्यांची मिळकत होती.

लोब्झांग एकदम हसायचा थांबला. "तो बघ. कालही होता."

दक्षिणेला, काळ्या कड्याच्या दोन सुळक्यांमध्ये, एक पिवळा ठिपका लुकलुकत होता.

"अगस्त्य!" आझांगनं मोठ्यानं सांगितलं. "दक्षिणेचा राजा! इतक्या उत्तरेला क्वचितच दिसतो!" पाहुण्यांनी भराभर फोटो काढले.

डिस्कित भुवया आक्रसून बघत राहिली. मग ती मामाजवळ जाऊन कुजबुजली, "आझांग-ले, अगस्त्य उगवायला अजून वेळ आहे. आणि मघापासून मृग वीतभर वर चढला, हा मात्र जागचा हललेला नाही! तारा असा थांबतो का?"

"पाहुण्यांसमोर शहाणपणा नको."

"तिथं कुणीतरी असेल! जीप काढा ना!"

"दिवे लावून सगळा अंधार नासवू? बघू उद्या सकाळी. जा, चहा आण!"

उणे वीसच्या थंडीत डिस्कितचे कान मात्र तापले. तिनं भावांना भिंतीआड ओढलं. "पुंचोग, आझांगना आत ने. काहीही कर!"

पुंचोगला तेवढंच हवं होतं. "आझांग-ले! आत बुखारीचा धूर कोंडलाय! अबी-ले खोकतेय!" तो असा काही किंचाळला, की आझांग आजीच्या काळजीनं धावतच घरात शिरला.

डिस्कितनं दुर्बीण खाली कड्याकडे वळवली. लोब्झांगनं नळी धरली. तिनं डोळा लावून ठिपका नीट पाहिला. मग तिनं कोलकात्याहून आलेल्या बाईंना पुढे बोलावलं. "बघा ना, अगस्त्य."

"अगं, हा तारा जळतोय!" बाई ओरडल्या. "ज्योत आहे! पण खाली लोंबतेय!"

"दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं," डिस्कित म्हणाली. "तो जाळ आहे. कालपासून कुणीतरी तिथं जाळ करतंय."

आझांग बाहेर आला तेव्हा सगळे पाहुणे त्याच्याकडेच बघत होते. त्यानं वाकून दुर्बिणीत पाहिलं. बराच वेळ तो सरळ झाला नाही. मग त्यानं जीपची किल्ली काढली. गावचा मुखिया, गोबा, आणि चार माणसं दोर, घोंगड्या घेऊन जीपमध्ये चढली. कितीतरी दिवसांनी रात्रीच्या वेळी गावाबाहेर दिवे पेटले.

मुलं चुलीपाशी जागत बसली.

जीप परतली. आतून गावातल्याच यांगडोलला उचलून आणलं. ती आणि तिचा नवरा ग्युर्मेत शेळ्या घेऊन हिवाळी तळाकडे निघाले होते. ते केव्हाच पोचले असतील, असं गाव धरून चाललं होतं. कड्याखालच्या बर्फावर ग्युर्मेतच्या मांडीचं हाड मोडलं. तिला त्याला सोडून येववेना. तिनं शेणी जाळल्या, खोगीर जाळलं, शेवटी तंबूचे खांब जाळले.

मागून ग्युर्मेतला आणलं. त्याच्या तोंडावर घोंगडी होती. तो त्याच दिवशी पहाटे गेला होता.

यांगडोलच्या पायांची बोटं काळीनिळी पडली होती. अबीनं तिला गरम थुक्पा भरवला. दोन घोट गिळून तिनं सगळ्यांकडे पाहिलं. "काल जाळ दिसला नव्हता का?"

गोबानं मान खाली घातली.

"दिसला होता," आझांग म्हणाला. "मी त्याला तारा म्हणालो. आजही म्हणालो. या पोरांनी ऐकलं नाही, म्हणून आम्ही आलो."

गोबा उठला. त्यानं पेटीतून तीन पांढरे शेले, मानाचे खताक, काढून एकेकाच्या गळ्यात घातले. "आज गावाचे डोळे तुम्ही होतात," तो म्हणाला. एरवी पुंचोग उड्या मारत सुटला असता. आज तो डिस्कितच्या कुशीत तोंड खुपसून रडायला लागला.

"गोबा-ले," डिस्कितनं विचारलं, "आम्ही कालच हट्ट धरला असता तर?"

म्हाताऱ्यानं खोटं सांगितलं नाही. "कदाचित तो वाचला असता, पोरी."

यांगडोलनं घोंगडीतून हात बाहेर काढला आणि डिस्कितचं मनगट घट्ट धरलं. "मी वाचले ना," ती म्हणाली. उजाडेपर्यंत तिनं ते सोडलं नाही.