प्रवासी अमृतराव यांच्यासाठी शेवटची सूचना

श्रीशैलची बदली नांदेडला झाली.

ती झालीच नाही, असं समजा. तोही तसंच समजतो.

गोष्ट खरी आहे. पोळ्याचा दुसरा दिवस, करीची दुपार. लातूरबाहेरचं लहानसं विमानतळ.

एका मोठ्या विमान कंपनीची धाकटी कंपनी तिथून एक छोटं विमान उडवायची. विमान दुरुस्तीला गेलं आणि परत आलंच नाही. सेवा मात्र बंद झाली नाही, फक्त तात्पुरती थांबली. म्हणून काउंटर रोज उघडायचं, सूचना रोज द्यायच्या. नाहीतर मार्गाचा परवाना हातचा जातो, असं नांदेड ऑफिसच्या तनुजा मॅडमनी फोनवर बजावलं होतं.

माणसं दोनच. काउंटरवर श्रीशैल, दारावर भुजंगमामा.

शेवटची सूचना प्रवाशाचं नाव घेऊनच द्यायची, असा नियम. प्रवासीच नाही, तर नाव कुणाचं घेणार? श्रीशैल स्वतःचं घ्यायचा. मग माईक ठेवून धावत गेटवर जायचा आणि उशीर केला म्हणून स्वतःलाच झापायचा.

दिवसभरात त्याच्याशी कुणी बोलायचं ते एवढंच.

करीच्या दुपारी मामा जेवायला गेले होते. श्रीशैलला स्वतःचा कंटाळा आला. त्यानं वडलांचं नाव घेतलं.

"प्रवासी अमृतराव, मुखेड. ही शेवटची सूचना आहे."

नोकरी पक्की झाली की आईवडलांना विमानाची एक फेरी फुकट मिळते. अमृतरावांनी त्यासाठी नवा सदरा शिवून ठेवला होता. पोरगा पक्का व्हायच्या आधीच ते गेले. सदरा तेवढा कामी आला.

हॉलमध्ये काहीच हललं नाही.

मग... चपला वाजल्या. एक पाय जरा घासत.

छोट्या विमानात बसण्याआधी प्रवाशालाही सामानाच्या काट्यावर उभं करतात. काट्यावर कुणी नव्हतं. आकडे मात्र चढत गेले...

एकोणचाळीस किलो.

सरकारी दवाखान्यात वडलांचं वजन शेवटी एवढंच भरलं होतं. तेव्हाही काटा श्रीशैलनंच वाचला होता.

आकडा शून्यावर आला. पुढच्या रांगेतली खुर्ची करकरली.

श्रीशैल बाहेर येऊन पायरीवर बसला. मामा जेवून आले, आत गेले... आणि रिकामा ग्लास घेऊन बाहेर आले.

"साहेब, तुमच्या वडलाला पाणी देलं. लई गरीब मानूस हाय. इमान कवा येतंय म्हनून इचारून राहिलेत."

मामांनी अमृतरावांना कधी पाहिलंच नव्हतं.

"तुम्ही काय सांगितलं?"

"येतंय म्हनलं. आपल्याला तसंच सांगायचं हाय ना?"

शेवटच्या सूचनेनंतर गेट बंद करायचं असतं. त्या दिवशी श्रीशैलच्यानं ते झालं नाही.

पुढच्या महिन्यात बदली आली. तनुजा मॅडम म्हणाल्या, अरे, इथं माणसं आहेत, विमानं आहेत, किती दिवस एकटा बसशील?

"मॅडम, एक प्रवासी बसलाय."

मग मॅडमनी विचारलं, शेवटची रजा कधी घेतली होतीस?

आता तो सूचना देत नाही. संध्याकाळी कुलूप लावताना हॉलमधला एक पंखा चालू ठेवतो. कधी दुपारी शेजारच्या खुर्चीत जाऊन बसतो. कुणी बोलत नाही. बाप आधीही फार बोलायचा नाही.

एकदा त्यानं खुर्चीवर हात टेकवला... खुर्ची कोमट होती.

त्यानं मुख्य कार्यालयाला अर्ज पाठवलाय.

महोदय, लातूर येथे एक प्रवासी वजन करून तयार आहे. तरी एका फेरीपुरते विमान पाठविण्यात यावे, ही नम्र विनंती. सोबत एक कर्मचारी येईल. परतीचे तिकीट एकाचेच काढावे.